काडीचा आधार की पुराव्याचे तारण?

बुडत्याला काडीचा आधार, असे आपण सहज म्हणून जातो. महासाथीच्या काळात मात्र ही म्हण औषधांच्या दुकानापुढील रांगेत प्रत्यक्ष उभी राहते. रोग नवा, उपाय अज्ञात आणि घरातले माणूस डोळ्यांदेखत धापा टाकत असलेले, अशा वेळी औषध सिद्ध झाले आहे काय, हा प्रश्न मागे पडतो. ते कोठे मिळेल, एवढाच प्रश्न उरतो. कोविड-१९ च्या साथीत हा अनुभव साऱ्या जगाने घेतला आणि आपल्या भिलाईनेही घेतला. अप्रमाणित औषध घ्यावे की पुराव्याची वाट पाहावी, हा त्या काळातील वाद आज शांतपणे तपासून पाहण्याजोगा आहे.

एका गोळीची कहाणी

मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे हिवताप व संधिवातावरील जुने औषध प्रतिबंधक म्हणून घेण्याची शिफारस केली. ती केवळ कोविड रुग्णांची शुश्रूषा करणारे आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातील निकटवर्ती यांच्यापुरती होती. परंतु शिफारशीतील मर्यादा कोण वाचतो? औषधाचे नाव मात्र सर्वतोमुखी झाले. अखेर २६ मार्च रोजी केंद्र शासनाला त्याच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. ज्यांचे रोजचे जगणे या गोळीवर अवलंबून होते, त्या संधिवाताच्या व ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली. मुंबईत धारावी व वरळीच्या दाट वस्त्यांत ही गोळी प्रतिबंधक म्हणून वाटण्याचा विचार एप्रिल २०२० मध्ये पुढे आला आणि बऱ्याच चर्चेनंतर लांबणीवर पडला.

उत्तर मिळाले ते ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या चाचणीतून. रुग्णालयात दाखल झालेल्या १५६१ रुग्णांना ही गोळी दिली गेली आणि ३१५५ रुग्णांवर केवळ नेहमीचे उपचार झाले. २८ दिवसांत गोळी घेणाऱ्यांपैकी २७ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी २५ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे दाखल रुग्णांना तिचा लाभ झालाच नाही. त्याच चाचणीने डेक्सामेथासोन या स्वस्त व जुन्या स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हेही दाखवले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. ज्या गोळीचा गाजावाजा झाला ती निष्फळ ठरली आणि जिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते ती उपयोगी पडली. तुलना केल्यावाचून हे कळले नसते.

एप्रिल २०२१ चे दिवस

दुसऱ्या लाटेत आपल्या दुर्ग जिल्ह्याची अवस्था फार बिकट झाली. ६ एप्रिल २०२१ पासून जिल्ह्यात टाळेबंदी लागली. भिलाई पोलाद कारखान्यातील प्राणवायू टँकरांतून देशभर जात होता आणि त्याच शहरातील कुटुंबे रेमडेसिविरच्या कुपीसाठी वणवण करीत होती. मुदतठेव मोडण्यासाठी किंवा सोने तारण ठेवण्यासाठी बँकेत आलेल्या ग्राहकाला त्या दिवसांत कारण विचारावे लागत नसे. ११ एप्रिल रोजी केंद्राने या औषधाची निर्यात थांबवली, तरी काळा बाजार थांबला नाही.

वस्तुतः ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. ३० देशांतील ४०५ रुग्णालयांत, ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या या चाचणीत रेमडेसिविरमुळे मृत्यू टळत असल्याचे दिसले नव्हते. काही रुग्ण लवकर बरे होतात, असे दुसऱ्या एका चाचणीत आढळले होते, हेही खरे. परंतु ‘काही रुग्णांना थोडा लाभ’ आणि ‘प्राण वाचवणारे एकमेव औषध’ यांत जे अंतर आहे, त्याची किंमत कुटुंबांनी मोजली. रक्तद्रव उपचाराचेही तसेच झाले. आपल्याच देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत २०२० मध्ये त्याचा लाभ दिसला नव्हता. तरीही उपचारांच्या अधिकृत यादीतून तो मे २०२१ मध्ये वगळला गेला. त्याच महिन्यात गोव्यात १८ वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून हे औषध सप्टेंबर २०२१ मध्ये काढण्यात आले.

छत्तीसगडने विचारलेला प्रश्न

या वादाची दुसरी बाजू आपल्या राज्याने पाहिली. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिन या स्वदेशी लशीला आपत्कालीन वापरासाठी ‘चिकित्सकीय चाचणीच्या स्वरूपात’ परवानगी मिळाली. लस सुरक्षित असल्याची व प्रतिकारशक्ती जागवत असल्याची माहिती उपलब्ध होती. परंतु २५ हजार ८०० स्वयंसेवकांवरील तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष यायचे होते. ते आल्याशिवाय ही लस राज्यात वापरणार नाही, अशी भूमिका छत्तीसगडचे तत्कालीन आरोग्यमंत्री टी. एस. सिंहदेव यांनी घेतली आणि फेब्रुवारीत केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांना पत्र लिहिले. केंद्राने हा आक्षेप फेटाळला. राज्यात त्या काळात कोव्हिशील्ड दिली जात होती.

३ मार्च रोजी पहिले निष्कर्ष आले. बाधित झालेल्या ४३ स्वयंसेवकांपैकी ३६ जण लशीविना राहिलेल्या गटातील, तर केवळ ७ जण लस घेतलेल्या गटातील होते. ११ मार्च रोजी चाचणीच्या स्वरूपाची अट उठली. अंतिम परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्यता दिली.

मग राज्याचा प्रश्न चुकीचा होता काय? कागदपत्रे न पाहता दिलेले एखादे कर्ज वेळेवर फिटते. म्हणून कागदपत्रे पाहणे निरर्थक ठरत नाही. लस चांगली निघाली, हे उत्तर होय. ते मार्चमध्ये मिळाले. प्रश्न जानेवारीतला होता आणि जानेवारीत तो रास्तच होता. मात्र वाट पाहण्यालाही किंमत असते, हेही विसरता कामा नये. हाताशी दुसरी लस होती म्हणून ती किंमत परवडली. ती नसती, तर हिशेब निराळा झाला असता.

तुलनेची जुनी परंपरा

हा विचार पाश्चात्त्यांकडून काल-परवा आला, असेही नाही. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्डेमार हाफकिन यांनी आपली नवी लस १० जानेवारी रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या व न घेतलेल्या कैद्यांची तुलना झाली. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतच हे सूत्र वापरले गेले होते: औषध घेणारा बरा झाला, एवढे पुरेसे नाही, न घेणाऱ्याचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. कोविडचे बहुसंख्य रुग्ण आपोआप बरे होत होते. श्रेय मात्र ज्याने त्याने घेतलेल्या काढ्याला, गोळीला वा ताईतालाही मिळत होते.

सुज्ञ ग्राहकाने काय करावे?

भिलाईत तयार होणारा रेल्वेचा रूळ ध्वनिलहरींच्या तपासणीतून गेल्यावाचून बाहेर पडत नाही, कारण त्यावर हजारोंचे प्राण सोपवायचे असतात. औषधालाही हीच कसोटी लावावी. पुढील साथ केव्हा येईल, कोणास ठाऊक. पण ती येईल तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे औषध न घेणाऱ्यांशी तुलना झाली आहे काय? माझ्या रुग्णाच्या अवस्थेत त्याचा लाभ दिसला आहे काय? अपाय कोणते? दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सिद्ध झालेली स्टेरॉइडेही २०२१ मध्ये अवाजवी वापरली गेली आणि काळ्या बुरशीच्या आजाराला, विशेषतः मधुमेहींमध्ये, वाव मिळाला.

पुरावा नसेल आणि तरीही औषध देणे भाग असेल, तर ते चाचणीचा भाग म्हणून, रुग्णाच्या लेखी संमतीने व नोंद ठेवून द्यावे. त्यामुळे आजच्या रुग्णाची आशा टिकते आणि उद्याच्या रुग्णाला उत्तर मिळते. ठेव मोडायचीच असेल, तर या तीन प्रश्नांची उत्तरे ऐकून मगच मोडावी.