छोट्या अभ्यासमंडळाचा कारभार : आंतरसांस्कृतिक संज्ञापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

भिन्न भाषा, धर्म, जाती आणि प्रदेश यांतील माणसे परस्परांशी बोलतात तेव्हा अर्थ कोठे पोहोचतो आणि कोठे अडतो, याचा शोध म्हणजे आंतरसांस्कृतिक संज्ञापनाचा अभ्यास होय. एडवर्ड हॉल यांच्या १९५९ मधील ‘द सायलेंट लँग्वेज’ या ग्रंथापासून या विषयाला स्वतंत्र रूप येऊ लागले, असे सामान्यतः मानले जाते. आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांत या विषयाला स्वतंत्र विभाग नाही. इंग्रजीचे प्राध्यापक भाषांतराच्या, मराठीचे बोलींच्या, समाजशास्त्राचे स्थलांतराच्या आणि वाणिज्य शाखेचे व्यावसायिक संज्ञापनाच्या वाटेने त्याच्याकडे येतात. अशा विखुरलेल्या अभ्यासकांसाठी तीस-चाळीस सभासदांचे छोटे मंडळ हा व्यवहार्य मार्ग ठरतो. प्रस्तुत लेखात नाशिकसारख्या ठिकाणी असे मंडळ कसे चालवता येईल, याचा विचार केला आहे. सभेची भाषा, वर्गणी आणि दप्तर यांकडे आपण कारकुनी बाबी म्हणून पाहतो; परंतु या विषयाची खरी परीक्षा त्यांतच होते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपरंपरा

महाराष्ट्राला अशा मंडळांची परंपरा जुनी आहे. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. मुख्य सभेचे कामकाज इंग्रजीतून चाले. परंतु मराठी आणि गुजराती भाषकांसाठी ज्ञानप्रसारक सभेच्या स्वतंत्र शाखा त्याच वर्षी निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. या शाखेच्या आश्रयाने १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. सोसायटीच्या सभासदांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळाही सुरू केल्या. एका संस्थेत अनेक भाषा कशा नांदवाव्यात, या प्रश्नाला त्या पिढीने शाखा पाडून उत्तर दिले. प्रसाराच्या दृष्टीने ते यशस्वी ठरले. मात्र भाषांमधील देवाणघेवाण हाच ज्या मंडळाचा विषय आहे, त्याला हे उत्तर पुरणारे नाही. मराठी एका खोलीत आणि उर्दू दुसऱ्या खोलीत बसली, तर अभ्यासाचा विषयच सभेबाहेर राहील.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते १९१० मध्ये स्थापन केले. पुढे मतभेदांमुळे राजवाडे मंडळापासून दूर झाले. तरीही मंडळ टिकले. सभांत निबंध वाचावयाचे, ते छापावयाचे आणि दप्तर राखावयाचे, हा क्रम तोवर रूढ झाला होता. दत्तो वामन पोतदारांसारखे दीर्घकाळ काम करणारे चिटणीसही त्यास लाभले. संस्थापकाच्या तेजापेक्षा चिटणीसाच्या चिकाटीवर संस्था अधिक चालते, हे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही.

आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचे उदाहरण १९८० च्या दशकात टोरांटो येथून सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र : संस्कृती आणि समाज’ या आंतरराष्ट्रीय परिषदेचे आहे. ना. के. वागळे, एलिनॉर झेलियट, अॅन फेल्डहाउस, गुंथर सोन्थायमर, राजेंद्र व्होरा, इरिना ग्लुश्कोवा अशा नाना देशींच्या अभ्यासकांना मराठी संस्कृती या समान विषयाने जोडले. परिषद एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहिली आणि तिच्यातील निबंधांतून ग्रंथ सिद्ध झाले. ग्लुश्कोवा व फेल्डहाउस संपादित ‘हाउस अँड होम इन महाराष्ट्र’ (१९९८) हा त्यांपैकी एक. नियमित भेट आणि संपादनाची शिस्त असेल तर इमारतीवाचूनही अभ्यासकांचा समूह दीर्घकाळ टिकतो, हे यातून दिसून येते.

नाशिकची भूमी

या विषयासाठी नाशिक जिल्ह्याइतके समृद्ध क्षेत्र क्वचितच सापडेल. सुरगाणा व पेठकडे कोकणा, बागलाण व कळवणकडे अहिराणी, मालेगावात यंत्रमागाच्या आवाजात बोलली जाणारी उर्दू आणि सिंहस्थात गोदाकाठी उतरणारा अवघा देश, हे सर्व एका जिल्ह्यात आहे. शरणपूरचा इतिहास तर जागतिक आहे. येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुले शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हे लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सामील झाले आणि १८७४ मध्ये त्यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेले. आफ्रिकेतून आलेली ही मुले नाशिकच्या रस्त्यांवर कोणाशी कोणत्या भाषेत बोलत असतील, हा प्रश्न दिल्लीच्या किंवा परदेशातील मोठ्या संस्थेपेक्षा येथील छोट्या मंडळाने हाती घ्यावा असा आहे.

सभेची भाषा

मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत निबंध वाचण्याची मुभा असावी. मात्र वाचनानंतर त्याचा सारांश दुसऱ्या भाषेत, निबंधकाराखेरीज अन्य सभासदाने सांगावा. निबंधकाराने तो ऐकून ‘मला असे म्हणावयाचे नव्हते’ असे जेथे म्हटले, तेथून चर्चा सुरू करावी. या पद्धतीला खर्च नाही आणि सभेतच अभ्याससामग्री तयार होते.

दुसरी अडचण श्रेणीची आहे. आपल्या सभांत विभागप्रमुख बोलल्यावर नवे अध्यापक गप्प बसतात. त्या मौनाचा अर्थ संमती, आदर की नाराजी, हे बाहेरून आलेल्या अभ्यासकास कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न सर्वांत कनिष्ठ सभासदाने विचारावा, असा नियम उपविधीतच असावा. तसेच कोकणा किंवा अहिराणी भाषक पाहुण्याला ‘माहितीदार’ म्हणून कोपऱ्यात न बसवता निबंधकाराच्या शेजारी अभ्यासक म्हणून बसवावे आणि मानधन द्यावयाचे असल्यास दोघांस सारखेच द्यावे.

वर्गणी आणि नोंदणी

चाळीस सभासद आणि प्रत्येकी पाचशे रुपये वर्गणी धरली, तर वर्षाचे वीस हजार रुपये होतात. त्यात चार सभा, चहा, छपाई आणि हिशेब तपासनिसाचे शुल्क भागते. राष्ट्रीय परिषद भागत नाही. ती भरवण्याच्या हव्यासाने अनेक मंडळे पहिल्या दोन वर्षांतच थकतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाकडून कायम प्राध्यापकाइतकीच वर्गणी घेणे न्याय्य नाही. १९७२ मध्ये हाँगकाँग येथे स्थापन झालेल्या आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वर्गणी सभासदाच्या उत्पन्नाशी निगडित ठेवली आहे. हे तत्त्व जिल्हा पातळीवरही सहज लागू करता येईल.

नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली होते आणि तीस किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेस १९५० च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाखालीही यावे लागते. खरी गुंतागुंत पुढे असते. कार्यकारिणी बदलल्यावर कलम २२ नुसार नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो राहिला की कागदोपत्री जुनेच पदाधिकारी राहतात आणि बँकेतील सह्यांपासून अनुदानाच्या अर्जापर्यंत सारे अडते. पहिली दोन वर्षे एखाद्या महाविद्यालयाच्या आश्रयाने अनौपचारिकपणे काम करून मगच नोंदणी करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नियतकालिकाचा मोह

मंडळ स्थापन होताच नियतकालिक काढण्याची सूचना येते. एखाद्या महाविद्यालयीन नियतकालिकातच त्याविरुद्ध लिहिणे काहीसे विचित्र वाटेल. पण २०१० च्या विनियमांनंतर गुणांकनासाठी निघालेल्या नियतकालिकांची गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला आवर घालण्यासाठी आलेली केअर सूची विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये बंद केली आणि दर्जा ठरविण्याचे उत्तरदायित्व संस्थांवर आले. अशा काळात चाळीस सभासदांच्या मंडळाने शुल्क घेऊन निबंध छापू लागणे म्हणजे प्रमाणपत्रांचे दुकान उघडण्याची पहिली पायरी होय. वर्षभरात वाचलेल्या निबंधांपैकी चार-पाच निवडून, त्यांवरील चर्चेसह एक पुस्तिका काढणे पुरेसे आहे.

दप्तर

इतिवृत्ते एका चिटणीसाच्या भ्रमणध्वनीत आणि हिशेब दुसऱ्याच्या घरी, ही स्थिती बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी उघडी पडते. म्हणून सहचिटणीसाने एक वर्ष सोबत काम करूनच चिटणीसपद घ्यावे आणि इतिवृत्ताची मुद्रित प्रत दरवर्षी ग्रंथालयात जमा करावी. नाशिकमध्ये १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. इतिवृत्त सभा ज्या भाषांत झाली त्या भाषांतच लिहावे, एकाच भाषेत सपाट करू नये. सारांशात कोठे काय निसटले, याची नोंदही त्यात असावी.