अंगावर काढू नये असे एक दुखणे

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत आनंदाचे चार शब्द असावेत, हे योग्यच. पण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या प्रकृतीविषयी चार कामाचे शब्दही असावेत, असे आम्हांस वाटते. म्हणून ज्या विषयाची घरात सहसा वाच्यता होत नाही, तोच आम्ही येथे घेतला आहे.

पाळी जाऊन दहा-वीस वर्षे झालेल्या स्त्रीच्या पोटात एकाएकी असह्य वेदना सुरू होतात, पोट फळीसारखे कडक होते, उलट्या होतात. घरच्यांना वाटते, अपेंडिक्स असेल किंवा जठराचा व्रण फुटला असेल. पुष्कळदा डॉक्टरांचाही प्रथम तोच अंदाज असतो. शस्त्रक्रियेत मात्र जठर व आतडी निर्दोष आढळतात आणि पू फुटलेल्या गर्भाशयातून आलेला दिसतो. हा प्रकार विरळा खरा. पण जिवावर बेतणारा आहे.

हे घडते कसे? पाळी गेल्यानंतर गर्भाशय आक्रसते व त्याचे तोंड अरुंद होत जाते. कधी ते साफ बंदही होते. गाठ, कर्करोग किंवा त्यासाठी पूर्वी घेतलेले किरणोपचार यांमुळेही वाट अडते. मग आतील स्राव साचतो, त्यात जंतू वाढतात आणि पू होतो. वर्षानुवर्षे विसरून आत राहिलेली तांबी किंवा क्वचित क्षयरोगही या विकाराच्या मुळाशी असतो. पुवाचा ताण वाढला की गर्भाशयाची भिंत पातळ होते आणि एखाद्या दुबळ्या जागी फुटते. पू पोटभर पसरतो, जंतूंचे विष रक्तात भिनते. मग प्रश्न दिवसांचा नव्हे, तासांचा असतो.

तरुण वयात असा पू सहसा बाळंतपणानंतर, असुरक्षित गर्भपातानंतर किंवा गर्भनलिकांच्या दुखण्यातून होतो. बाळंतिणीला ताप आला व स्रावाला दुर्गंधी असली, तर घरगुती काढ्यावर विसंबू नये.

पाळी गेलेल्या स्त्रीला पुष्कळदा आगाऊ सूचना मिळते : अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ओटीपोटात जडपणा, बारीक ताप, रक्ताचा डाग. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर रक्ताचा एकच डाग दिसला, तरी तो तपासून घ्यावा. उलट, तोंड पूर्ण बंद असल्यास अंगावरून काहीच जात नाही. वृद्ध व मधुमेही स्त्रियांत तापही फारसा चढत नाही. तेव्हा नुसत्या पोटदुखीकडेही काणाडोळा नको.

वेळीच गेल्यास उपाय सोपा आहे. सोनोग्राफीत साचलेला पू दिसतो. गर्भाशयाचे तोंड रुंद करून तो काढतात, जंतुनाशक औषधे देतात आणि आतील तुकडा कर्करोगासाठी तपासतात. फुटल्यानंतर मात्र तातडीची मोठी शस्त्रक्रिया, आणि बहुधा गर्भाशय काढणे, हाच मार्ग उरतो.

मग उशीर का होतो? संकोचामुळे. डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांत गर्भाशयाशी व जननमार्गाशी संबंधित एक ना एक विकार आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के! हे खेड्यातले, असे म्हणून आपण शहरवासीयांनी निश्चिंत होऊ नये. सुरतेत तर १८९५ सालीच आपल्या मराठी डॉ. रखमाबाई स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या आणि पुढे दोन दशके त्यांनी येथील स्त्रियांची सेवा केली. स्त्रीची व्यथा स्त्री-डॉक्टरला सांगण्याची सोय या शहरात इतकी जुनी असताना, आजही आपल्या आई-आजी दुखणे अंगावर काढतात, हे बरे नव्हे.

मजुरा गेटजवळील नवी सिव्हिल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर, या दोन्ही ठिकाणी स्त्रीरोग विभाग आहे. पोट कडक होऊन दुखू लागल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि रुग्णाच्या पूर्वीच्या स्रावाची, तांबीची वा किरणोपचारांची हकीकत डॉक्टरांना आपणहून सांगावी. त्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

सुना-मुलींस आमची एकच विनंती : घरातील थोरल्या बाईला एकांतात, मायेने, स्पष्ट विचारा. ती आपण होऊन सांगणार नाही.