पाटणादेवीच्या डोंगरात एक सावकाश दिवस

खानदेशातील व्यापारी कुटुंबांना पाटणादेवी अपरिचित नाही. चाळीसगावहून सुमारे 18 किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत, चंडिका देवीचे हे स्थान आहे. बहुतेक मोटारी सकाळी येतात, दर्शन होते, छायाचित्रे निघतात आणि दुपारच्या आत मंडळी दुकानाच्या गादीवर परत पोहोचतात. परंतु डोंगरांनी वेढलेली ही दरी एखाद्या दूरच्या बेटासारखी जगापासून अलग आहे. तिची ओळख अर्ध्या तासात होत नाही. त्यासाठी पूर्ण एक दिवस आणि संथ पावले लागतात.

हा परिसर 1986 साली घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. जळगावची मंडळी मुंबईकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गाने आणि धुळ्याची मंडळी शाखामार्गाने चाळीसगावास येऊ शकतात. आदल्या संध्याकाळी तेथे मुक्काम केल्यास सकाळच्या कोवळ्या उन्हात चालण्यास प्रारंभ करता येतो. पावसाळ्यात येथील धबधबे भरात असतात व गर्दीही तेव्हाच लोटते. मात्र त्या दिवसांत वाटेवर हिरवळ, शेवाळ आणि असंख्य सूक्ष्म जीव असतात. साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, त्यामागचे कारण येथे डोळ्यांना दिसते. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ आपल्या कुटुंबांना अधिक योग्य. धबधब्याची धार तेव्हा बारीक होते. पण वाट कोरडी आणि हवा प्रसन्न असते.

पहिला टप्पा अगदी सपाटीचा आहे. डोंगरी नदीच्या काठाने जाताना पुरातन महादेव मंदिर लागते. त्याच्या दगडी भिंतींवरील कोरीव काम पाहण्यास मुलांना घाई करू देऊ नये. पुढे देवीच्या मंदिरात आहे तो या परिसराचा खरा ठेवा : इ. स. 1207 च्या सुमाराचा एक शिलालेख. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव याने त्यास दान दिले, असे हा लेख सांगतो.

लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि व्यापाऱ्याने थांबावे ते तेथेच. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला गेला. तसेच चालत्या प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल नेमून दिले गेले. म्हणजे आज जेथे अरण्य आहे, तेथे एके काळी पेठ होती, घाणे फिरत होते, आणि त्या उलाढालीतून गणिताची पाठशाळा चालत होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्रैराशिक, व्याज, भागीदारीतील नफ्याची वाटणी अशी पेढीवरचीच उदाहरणे आहेत, हे लक्षात घेता हा संबंध अधिकच गोड वाटतो.

दुसरा टप्पा कण्हेरगडाच्या चढाचा. येथे प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते. प्रवचनातून ऐकलेली ईर्यासमिती, म्हणजे पुढील चार हात भूमी निरखीत चालणे, या वाटेवर आपोआप आचरणात येते. मुंग्यांची रांग, सुकलेल्या पानाखालचा किडा, दगडाआडचा सरडा : मंद चालणाऱ्यालाच हे दिसतात. चढावर ‘नागार्जुनाची कोठडी’ या नावाने ओळखले जाणारे जैन लेणे आहे. आतील अंधाराला डोळे सरावले की ध्यानस्थ तीर्थंकरमूर्ती हळूहळू प्रकट होते. जवळच ‘सीतेची न्हाणी’ हे लेणे आहे. येथे अत्तर लावून येऊ नये, धूर करू नये, मधमाश्या बिथरतात. मूर्तीला कुंकू, तेल वा रंग लावणे हे भक्तीपेक्षा हानीचेच काम ठरते.

ज्येष्ठांना चढ झेपत नसेल तर त्यांनी खाली मंदिर परिसरात सावलीत बसावे. त्यात कमीपणा नाही. दशमी, खाकरा, शेव आणि उकळून गार केलेले पाणी एवढी शिदोरी पुरेशी आहे. कागद, पिशव्या सोबत परत न्याव्यात. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी, वाटेसाठी स्थानिक माणूस बरोबर घ्यावा आणि बिबट्याचा वावर असलेल्या या रानातून सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे. चौविहार पाळणाऱ्यांना हे वेळापत्रक वेगळे सांगावे लागणार नाही.

एका दिवसाच्या बंद दुकानाचा तोटा वहीत सहज मांडता येतो. पाटणच्या पेठेत आठशे वर्षांपूर्वी कोणी किती कमावले, याची एकही वही उरलेली नाही. मालाचे ढीग गेले, घाणे गेले, गल्ल्या रानात मिसळल्या. विद्येसाठी जे दिले गेले, तेवढेच दगडावर शिल्लक आहे. गादीवर बसणाऱ्या पुढच्या पिढीला ही शिल्लक प्रत्यक्ष दाखवावी, आणि तीही घाई न करता.