पोच आली म्हणजे काम झालं?

गैरसमज पहिला: माहिती सुखरूप पोचवण्याची हमी नेटवर्क देतं. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या विद्यार्थ्याने घरून मोबाईलवर परीक्षा शुल्क भरलं, की ती माहिती पॅकेटांत विभागून टॉवर, फायबर आणि अनेक राउटर ओलांडत सर्व्हरकडे जाते. वाटेतल्या राउटरची रांग भरली, तर तो पॅकेट सरळ टाकून देतो. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. पॅकेट पुढे नेणारा आयपी हा प्रोटोकॉल पोचेची सोय करत नाही, हे त्याच्या सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ या प्रमाण दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलं आहे. हमीची व्यवस्था आयपीच्या वरच्या थरातलं टीसीपी करतं, तीही दोन टोकांवर: पाठवणारा बाइटना क्रमांक देतो, पलीकडून पोच येते, वेळेत आली नाही तर तेच पुन्हा पाठवलं जातं. मग मधल्या यंत्रांनाच जबाबदार का धरू नये? ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जेमतेम ४०० यार्डांवरचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग नेटवर्कवरच्या गर्दीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय राउटरमध्ये नव्हता. टोकावरच्या टीसीपीने गर्दी ओळखून हात आखडता घ्यायचा होता. वाय-फायसुद्धा हरवलेली फ्रेम पुन्हा पाठवतं, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने एका टप्प्यावरची गळती कमी होऊन वेग वाढतो. पुढच्या टप्प्यांची हमी मिळत नाही.

गैरसमज दुसरा: टीसीपीची पोच आली म्हणजे काम फत्ते. ही पोच सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम देते. बाइट बफरमध्ये आले, एवढाच तिचा अर्थ. शुल्काची नोंद डेटाबेसमध्ये होण्याआधी प्रोग्रॅम बंद पडू शकतो. म्हणून ‘शुल्क जमा झालं’ हे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमनेच वेगळं कळवावं लागतं. ते उत्तर येण्याआधी मोबाईलची रेंज गेली, तर विद्यार्थी पुन्हा बटण दाबणार. प्रत्येक व्यवहाराला एकच ठरलेला क्रमांक असेल, तरच सर्व्हर दुसरी विनंती ओळखतो आणि पैसे दोनदा कापले जात नाहीत. साल्टझर, रीड आणि क्लार्क या संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेलं ‘एंड-टू-एंड’ तत्त्व हेच सांगतं: काम पूर्ण झालं की नाही, याची पक्की खात्री टोकावरच्या प्रोग्रॅमलाच करता येते.

गैरसमज तिसरा: टीसीपीला पर्याय असलेलं यूडीपी पोचेची सोय करत नाही, म्हणून ते कमअस्सल. व्हिडिओ कॉलमध्ये उशिरा आलेलं पॅकेट निरुपयोगी असतं. त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसच्या छोट्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारता येतं. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक प्रोटोकॉल तर यूडीपीवरच चालतो आणि विश्वासार्हता टोकांवर उभी करतो. म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने प्रोटोकॉलचे थर पाठ करण्यावर थांबू नये. प्रत्येक थर नेमकी कशाची खात्री देतो आणि कशाची देत नाही, हे त्याने तपासावं. उरलेली जबाबदारी त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमची असते.