खिदमत आणि खिजमत

‘खिदमत’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘खिजमत’ झाला. उच्चार थोडासा बदलला, अर्थ मात्र बराच घसरला. उर्दूत खिदमत-ए-खल्क म्हणजे अल्लाहच्या साऱ्या निर्मितीची सेवा; त्यात माणूस आला, जनावर आले, झाडही आले. मराठीत खिजमत केली जाते ती साहेबाची. खिजमतगार म्हणजे मालकाने हाक मारण्याआधीच पुढे धावणारा. हे दोन शब्द वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की मुले हसतात. दुसरा अर्थ त्यांना फोड करून सांगावा लागत नाही. गावोगावच्या निवडणुका त्यांनी पाहिलेल्या असतात.

कौमेचा सरदार तोच, जो तिचा खादिम असतो, हे वचन रमजानमध्ये जुम्याच्या बयानात हमखास कानी पडते. ऐकून माना डोलतात. पण असा सरदार आपल्याकडे कोण होऊन गेला, असे कुणी विचारले तर नाव चटकन सुचत नाही. मी आपल्या जिल्ह्यातलेच एक नाव सांगतो, पाथर्डीचे बबनराव ढाकणे. त्यांना जाऊन फार काळ झालेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते गेले. रमजानच्या पानावर राजकारण्याचे काय काम, असे कुणाला वाटेल. थोडा धीर धरा.

ढाकणे समजायचे तर आधी नगर जिल्ह्याची जमीन समजली पाहिजे. कागदावर हा एक जिल्हा आहे, पाण्याच्या हिशेबात दोन. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीचे कालवे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, पाणी आले, ऊस आला. लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५० च्या सुमारास सुरू झाला. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत; तिथे डोंगर, मुरूम आणि बेभरवशाचा पाऊस. उत्तरेने ऊस लावला, तो तोडायला दक्षिणेची आणि शेजारच्या बीडची माणसे निघाली. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी संसार गाडीवर लादायचा आणि कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी करून राहायचे. नवरा-बायको दोघे मिळून ‘एक कोयता’. हिशेब कोयत्याचा आणि मजुरी टनावर. सोबत आलेल्या पोरांची शाळा कुठल्याच हिशेबात नाही.

अशा पाथर्डी तालुक्यातल्या अकोले गावात ढाकणे १९३७ साली जन्मले. घराण्याचा कारखाना नव्हता, पाठीशी कुणी ‘साहेब’ नव्हता. मागासलेल्या तालुक्यातला तरुण कार्यकर्ता करतो ते सगळे त्यांनी केले. अर्ज लिहिले, मोर्चे काढले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आणि १९६८ साली त्यांनी ती गोष्ट केली, जी पाथर्डीत आजही सांगितली जाते. विधानसभेचे कामकाज चालू असताना त्यांनी प्रेक्षक सज्जातून तालुक्याच्या मागण्यांची पत्रके सभागृहात भिरकावली. सभागृहाचा हा अवमान होता. त्यांना तुरुंगात जावे लागले.

त्या वेळी अध्यक्ष होते बाळासाहेब भारदे. तेही नगर जिल्ह्याचेच, पाथर्डीला खेटून असलेल्या शेवगावचे. गांधी-विनोबांच्या मार्गाने चाललेले, संतसाहित्यात रमणारे भारदे १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे त्या आसनावर होते. शेजारच्या तालुक्याची तहान त्यांना ठाऊक नव्हती असे कसे म्हणायचे? पण शिस्त ती शिस्त. सज्जातल्या माणसाने कागद भिरकावले आणि अध्यक्षांनी ते चालवून घेतले, असे एकदा घडले की पुढच्या वेळी कागदाच्या जागी काय येईल, हे सांगता येत नाही. त्या दिवशी भारदे बरोबर होते असे मला वाटते. तरीही माझे मन सज्जातल्या तरुणाकडे झुकते. कारण ते कागद त्याने स्वतःच्या नोकरीसाठी किंवा तिकिटासाठी टाकले नव्हते.

पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढत १९७८ मध्ये ते जनता पक्षाकडून पाथर्डीचे आमदार झाले आणि त्याच विधानसभेत जाऊन बसले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ विरोधी पक्षनेते होते, दशक संपता संपता विधानसभेचे उपाध्यक्ष. ज्या सभागृहाच्या अवमानाबद्दल शिक्षा भोगली, त्याचीच शिस्त राखण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९८९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्याने त्यांना जनता दलातर्फे लोकसभेत पाठवले आणि चंद्रशेखर यांच्या अल्पायुषी सरकारात ते मंत्रीही झाले.

पदांची यादी इथेच थांबवतो. कोणत्याही आमदाराच्या परिचयपत्रकात अशी यादी असते. जिल्हा ओलांडून बीडच्या लोकांनी त्यांना का निवडले, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. माझ्या मते त्याचे उत्तर कोयत्यात आहे. ऊसतोड कामगारांना जिल्ह्याची सीमा नसते. पाथर्डीची टोळी आणि आष्टीची टोळी एकाच फडात उतरते. या कामगारांची संघटना ढाकणे यांनी बांधली, दरवाढीसाठी संप केले. गोपीनाथ मुंडे यांचे नाव या प्रश्नाशी घट्ट जोडले गेले ते नंतर. तोडणीवाल्यांना एकत्र आणणे किती अवघड असते, हे बाहेरच्याला कळत नाही. गिरणी कामगार रोज एकाच दरवाजातून आत जातो, त्याला गेटवर गाठता येते. तोडणीवाला आज या फडात तर उद्या दहा कोसांवर, आणि उचल घेतल्यामुळे मुकादमाच्या शब्दात अडकलेला. त्याला संप करायला लावायचा तर टोळ्या गावातून निघण्याआधीच, उचलीचे पैसे खर्च होऊन गेलेले असताना, थांबवाव्या लागतात. घरात दाणा नसलेल्या माणसाला ‘आठ दिवस निघू नकोस’ म्हणायचे, तर म्हणणाऱ्यावर त्याचा तेवढा भरवसा लागतो. हा भरवसा भाषणातून मिळत नाही.

पाथर्डीत त्यांनी एकलव्य शिक्षण संस्था काढली. ज्याला विद्या नाकारली गेली त्याचे नाव शाळेला देण्यात एक सूचक खोच आहे, असे मला शिक्षक म्हणून नेहमी वाटते. शेवगाव तालुक्यात बोधेगावला केदारेश्वर साखर कारखाना उभा राहिला, त्यामागेही तेच. दुसऱ्याच्या कारखान्याला जन्मभर ऊस तोडून देणाऱ्यांच्या मुलखात स्वतःचा कारखाना, ही कल्पनाच त्या काळात धाडसाची होती.

आता दुसरी बाजू. त्यांनी पक्ष बदलले, एकदा नव्हे, अनेकदा. घरची पुढची पिढीही राजकारणात आली. संस्था काढली की तिच्याभोवती सत्ता गोळा होते आणि सत्तेभोवती खिजमतगार; हा नियम नगर जिल्ह्यात कुणालाच चुकलेला नाही, त्यांना तरी कसा चुकेल? त्यांना वली ठरवण्याचा माझा हेतू नाही. मला फक्त क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी लोकांचे काम आणि त्यातून आमदारकी, असा त्यांचा क्रम होता. आज तिकीट पक्के झाले की रातोरात प्रतिष्ठान निघते, रुग्णवाहिकेवर आधी फोटो चढतो आणि मग रुग्ण. रमजानमध्ये इफ्तारीचे फलक लागतात, त्यांवर खजुरापेक्षा चेहरे मोठे असतात. आपल्या मोहल्ल्यातही हे चालते आणि ते आपणच चालवून घेतो.

यंदा रमजान गळीत हंगामाच्या अखेरीला आला आहे. सहरीला उठलेल्यांना रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीची घरघर ऐकू येत असेल. तो ऊस ज्यांनी तोडला, ते लोक आपल्या आधी उठलेले असतात. त्यांच्यासाठी आता सरकारी महामंडळ आहे, मुलांसाठी काही ठिकाणी वसतिगृहे निघाली आहेत. उचल मात्र आहे तशीच आहे, आणि एक कोयता म्हणजे दोन माणसे हा हिशेबही. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन टोळ्या निघण्याच्या दिवसांत. कुणी मत देऊन निघाले, कुणी मताआधीच. आता ईद होईल, पाडवा होईल, कारखान्यांचे भोंगे एकेक करून थांबतील आणि गाड्या पाथर्डीच्या घाटाकडे वळतील. टँकर कुठल्या वाडीला लागणार, याची चौकशी तहसील कचेरीत तोवर सुरू झालेली असेल.