शेड्यूल म्हणजे नेमकं काय?

किनवट स्टेशनवर कुणी विचारलं, नंदीग्रामचं शेड्यूल काय, तर आपण वेळ सांगतो. मेडिकलवाला म्हणतो, गोळी शेड्यूल एचमधली आहे, चिठ्ठी दाखवा. आणि तहसीलच्या आवारात एखादा विचारतो, आमचं गाव शेड्यूलमध्ये येतं का हो? शब्द एकच.

मूळ लॅटिन. पपायरसचा तुकडा, छोटी चिठ्ठी. पुढे दस्तऐवजाला जोडलेला कागद, मग कायद्याच्या शेवटी जोडलेली यादी. वेळापत्रक हा अर्थ फार उशिराचा. मराठीत आपण 'अनुसूची' केलं, म्हणजे मागून जोडलेली यादी. शब्द नेमका आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही, ते सोडा.

आता मुद्दा. यादी आणि व्याख्या यांत फरक असतो. व्याख्या लक्षणं सांगते. ती जुळतात का, हे तुम्ही पडताळू शकता, वाद घालू शकता. यादी फक्त नावं सांगते. अनुसूचित जमाती म्हणजे कोण? संविधानाचं कलम 366 सांगतं, कलम 342 खाली ज्या मानल्या जातात त्या. लक्षण एकही नाही! राष्ट्रपतींच्या आदेशात नाव आहे की नाही, एवढंच. तो आदेश बदलायचा तर संसदेनं कायदा करायचा. 2000 साली हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: यादीत 'हलबा' आहे, तिथे 'हलबा-कोष्टी' वाचता येणार नाही.

आपल्या तालुक्याला हे वेगळं समजवायला नको. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. सीमा सरकली, आपण नांदेडात आलो. पुढे 1976 च्या कायद्यानं तिकडचे लंबाडा अनुसूचित जमातीत गेले. इकडचे बंजारा महाराष्ट्राच्या विमुक्त जातींत राहिले. बोली तीच, सोयरीकही होते. दाखले मात्र वेगळे. मागणी रास्त की नाही, हा आजचा विषय नाही, त्यावर इथे बसलेल्यांत दोन मतं आहेत हे मला ठाऊक आहे. मी एवढंच म्हणतो, 'आम्ही कोण' या प्रश्नाचं उत्तर इथे माणसाकडे बघून मिळत नाही, कागदाकडे बघून मिळतं.

गावांचंही तसंच. पाचव्या अनुसूचीखाली 2 डिसेंबर 1985 च्या आदेशात किनवटची बरीच गावं आहेत, सगळी नाहीत.

आणि आठवी अनुसूची, भाषांची. 2011 च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे सुमारे 25 हजार, गोंडी सांगणारे 29 लाखांवर. संस्कृत यादीत आहे. गोंड जमातींच्या यादीत आहेत, त्यांची गोंडी भाषांच्या यादीत नाही.