मिथाइलची जागा

सकाळी ८
चिंचवडहून निघून पीसीएमसी स्थानकावर मेट्रो पकडते. संत तुकाराम नगरजवळ एचए कंपनीचा परिसर लागतो. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने इथे पेनिसिलिन बनवलं आणि या पट्ट्यात औषधरसायनाची विद्या रुजवली. पुढे नाशिक फाट्याला चाकणचा रस्ता फुटतो. चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्ये २० किलो मेफेड्रोन हा अमली पदार्थ, बोलीत एमडी, पकडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा तपास दौंड तालुक्यात, कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत गेला. ज्या रसायनशास्त्राने जीव वाचवले त्याचाच हा गैरवापर. तो पुराव्याने उघड करायलाही रसायनशास्त्रच लागतं, आणि म्हणून मला माझं काम मोलाचं वाटतं.

सकाळी १०
गणेशखिंड रस्त्यावरची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. चाकणकडच्या एका पोलीस ठाण्याचे अंमलदार सीलबंद पाकिटं घेऊन थांबलेले असतात. पाकिटावरचं लाखेचं सील सोबतच्या नमुना-सीलशी ताडून बघते. पत्रातला गुन्हा क्रमांक, पाकिटावरची खूण, दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, सगळं जुळलं तरच पाकीट आत येतं. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २०२२च्या नियमांनुसार असा नमुना साधारण ५ ग्रॅमचा आणि दोन प्रतींत काढायचा असतो.

“मॅडम, एमडीच आहे ना?” अंमलदार विचारतात.

“दादा, पांढरी पूड आहे, एवढंच आत्ता म्हणता येईल.”

पोचपावती घेऊन ते जातात. नियमाने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आहे.

सकाळी ११.१५
आधी ढोबळ वजन, मग निव्वळ वजन. नंतर रंगचाचणी. मार्क्विसच्या द्रावणात, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि फॉर्मल्डिहाइडच्या मिश्रणात, एमडीएमए जांभळट काळं होतं, मेथॲम्फेटामाइन नारिंगी-तपकिरी. आजच्या पुडीला जेमतेम पिवळसर छटा आली. मेफेड्रोन असंच वागतं, पण असं वागणारे पदार्थ पुष्कळ आहेत. रंग फक्त पुढची दिशा दाखवतो. त्यावर कुणाला तुरुंगात पाठवता येत नाही.

दुपारी १२.३०
आता जीसी-एमएसची पाळी, म्हणजे पदार्थ नलिकेतून वेगळे करून त्यांच्या रेणूंचे तुकडे वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्राची. आधी नुसता द्रावक सोडायचा. तो कोरा निघाला म्हणजे मागच्या नमुन्याचा अंश यंत्रात उरलेला नाही. मग प्रमाणित संदर्भ-पदार्थ, पुन्हा कोरा द्रावक, आणि त्यानंतर आपला नमुना. इंजेक्टरचं तापमान जपावं लागतं, कारण मेफेड्रोनसारखे कॅथिनोन गटातले रेणू जास्त उष्णतेने तिथेच मोडू लागतात.

पडद्यावर ५८ वस्तुमानाच्या तुकड्याचा उंच सुळका उमटतो. ११९ आणि ९१चे लहान. रेणूचं वस्तुमान १७७, पण त्याची खूण जवळपास दिसतच नाही. यंत्रातला ओळखीच्या आलेखांचा साठा पहिलं नाव सुचवतो : मेफेड्रोन.

इथेच थांबायचं असतं, कारण खरी कसोटी इथून सुरू होते. रेणूतलं वलय म्हणजे घड्याळाची तबकडी आणि बाराच्या जागी रेणूची मुख्य साखळी आहे असं समजा. मेफेड्रोनमध्ये, म्हणजे ४-एमएमसीमध्ये, मिथाइल गट बरोबर समोर, सहावर असतो. तोच चारवर सरकला की ३-एमएमसी होतं, दोनवर गेला की २-एमएमसी. तिन्हींत अकरा कार्बन, पंधरा हायड्रोजन, एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन. तिघांचे तुकडे सारख्याच वजनाचे पडतात. त्यामुळे वस्तुमानाचा आलेख या भावंडांना वेगळं करू शकत नाही आणि साठ्याने सुचवलेलं नाव हा निव्वळ अंदाज ठरतो. नलिकेतून बाहेर पडायला लागणारा वेळ मात्र थोडा थोडा वेगळा असतो. म्हणून तिन्हींचे संदर्भ-पदार्थ त्याच पद्धतीने, त्याच दिवशी चालवते. वेळा फारच जवळ आल्या तर रेणूला ॲसिटिल गट जोडून पुन्हा धावायला लावते. तेव्हा अंतर वाढतं.

दुपारी २
डबा. तेवढ्यात धावा संपतात.

दुपारी २.३०
आता अगदी निराळ्या तत्त्वावरची चाचणी, इन्फ्रारेड. इथे रेणू मोडत नाही, त्याच्या बंधांची कंपनं मोजली जातात. वलयावरची जोडणी समोरासमोर आहे की एक सोडून एक, यानुसार हायड्रोजनच्या कंपनांचे पट्टे जागा बदलतात. वस्तुमानाच्या आलेखात जे दडलेलं असतं ते इथे ठळक दिसतं. अडचण भेसळीची. पुडीत कॅफीन किंवा साखर असली तर पट्टे एकमेकांवर चढतात. मग आधी पदार्थ वेगळा काढून स्वच्छ करायचा आणि पुन्हा मोजायचा. घाई करायची नाही.

आजचा आलेख ४-एमएमसीच्या संदर्भाशी जुळला, उरलेल्या दोघांशी नाही. वेळही जुळली. दोन स्वतंत्र मार्ग एकाच उत्तरावर आले.

दुपारी ४
सहकाऱ्याकडे कागद देते. ते माझं मत न विचारता मूळ आलेख पाहतात. एवढी काळजी कायद्यामुळे. भारतात मेफेड्रोन ५ फेब्रुवारी २०१५ला एनडीपीएस कायद्याच्या अनुसूचीत आलं. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण. त्यात शिक्षा एक वर्षापर्यंत. व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम. तिथे किमान दहा वर्षं सक्तमजुरी. हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवलं, की भेसळीसकट संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. वजन इतकं निर्णायक असताना पदार्थाच्या नावात संदिग्धता ठेवून कसं चालेल? सुळक्यांच्या मागे एक माणूस उभा आहे, आणि दुसऱ्या बाजूला ती पूड ज्यांच्या मुलांपर्यंत गेली ती घरं आहेत. दोघांनाही खरं उत्तर मिळायला हवं.

संध्याकाळी ५
सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, लिहिते. कोणत्या चाचण्या केल्या, कशाशी ताडलं, काय आढळलं, एवढंच. जिथे मिथाइलची जागा ठरत नाही तिथे ‘मिथाइलमेथकॅथिनोन, समघटक निश्चित नाही’ असं लिहावं, असं माझं ठाम मत आहे. तेवढ्याने खटला पडेल अशी भीती घालणारे भेटतात. पण उलटतपासणीत वकिलांनी विचारलेल्या एका प्रश्नाने कोसळेल असा ठामपणा तपासाच्या काय कामाचा?

उरलेला नमुना पुन्हा सीलबंद होतो. आलेख, कोऱ्या धावांसह, फायलीत लागतात. उद्या न्यायालयाने दुसऱ्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागितली, तर त्याला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळ येऊ नये. माझ्याच वाटेने चालून त्याला स्वतःच्या उत्तरापर्यंत पोहोचता यावं.